उष्मांक-मर्यादित आहार आणि कामेच्छा : एक शरीरशास्त्रीय विवेचन

गोषवारा : वजन घटविण्यासाठी, विशिष्ट आजारावर नियंत्रण मिळविण्यासाठी अथवा दीर्घायुष्याच्या अपेक्षेने उष्मांक कमी करणारा आहार आज सुशिक्षित मध्यमवर्गात सर्रास स्वीकारला जातो. अशा आहाराचा कामेच्छेवर कोणता परिणाम होतो, हा प्रश्न मात्र संकोचामुळे विचारला जात नाही. या विषयावरील संशोधनाचे निष्कर्ष वरकरणी परस्परविरोधी आहेत. काही अभ्यासांत कामेच्छा जवळजवळ लोप पावल्याचे, तर काहींत ती वाढल्याचे आढळते. हा विरोध आभासी असून ऊर्जेच्या तुटीचे प्रमाण, शरीरातील आरंभीचा मेदसाठा आणि व्यायामातील ऊर्जाव्यय या तीन बाबी एकत्र पाहिल्यास तो उलगडतो, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : उष्मांक, कामेच्छा, ऊर्जा-उपलब्धता, लेप्टिन, टेस्टोस्टेरॉन, अर्धोपासमार.

प्रस्तावना

अल्पाहार आणि काम यांच्या संबंधाविषयी आपल्या समाजात दोन समजुती शेजारी शेजारी नांदतात. एक जुनी आहे. जिभेवर ताबा आला की इंद्रियांवर ताबा येतो, म्हणून ब्रह्मचाऱ्याने मिताहारी असावे, असे ती सांगते. दुसरी अलीकडची असून जाहिरातींनी व व्यायामशाळांनी रुजविली आहे. शरीर सडपातळ झाले की आकर्षण आणि उत्साह दोन्ही वाढतात, असे तिचे म्हणणे. पहिलीनुसार कमी खाण्याने कामेच्छा घटते, दुसरीनुसार वाढते. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतील काय? उत्तर होकारार्थी आहे, परंतु ते कोणाच्या बाबतीत आणि किती प्रमाणात, हे सांगितल्याशिवाय निरर्थक आहे.

आपल्या परंपरेतील जाणकारांना हे अगदीच अपरिचित नव्हते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश अशा दोन्ही देहांचा विचार आहे. अतिस्थूलाच्या आठ दोषांत संभोगातील कष्टाची गणना केली आहे आणि अतिकृशाला जे सोसत नाही त्या यादीतही मैथुन आहेच. दोन्ही टोके तेथे सदोष मानली आहेत. महात्मा गांधींनी आपल्या आत्मचरित्रात ब्रह्मचर्य व आहार यांचे प्रयोग सविस्तर नोंदविले आहेत. तेथे त्यांनी केवळ उपवासाने विकार शमतात असा दावा केलेला नाही. मनाची साथ नसेल तर उपवासानंतर उलट परिणाम होऊ शकतो, हे त्यांनी प्रांजळपणे मान्य केले आहे.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. आपल्याकडील बहुतेक उपवास म्हणजे उष्मांकांची कपात नव्हे. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे, बटाटा, तूप आणि राजगिऱ्याचे लाडू यांचा हिशेब मांडला तर 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण आहारशास्त्राच्या कसोटीवर उतरते. प्रस्तुत लेखाचा विषय आठवडे वा महिने चालणारी, शरीराच्या गरजेपेक्षा कमी ऊर्जा पुरविणारी आहारपद्धती हा आहे.

संकल्पनांची फोड

चर्चेत नेहमी होणारा घोटाळा प्रथम दूर करावयास हवा. कामेच्छा म्हणजे मनात उत्पन्न होणारी ओढ. लैंगिक क्षमता म्हणजे त्या ओढीला शरीराने दिलेला प्रतिसाद. प्रजननक्षमता म्हणजे बीज परिपक्व होऊन गर्भधारणा होण्याची शक्यता. या तिन्ही गोष्टी एकाच संप्रेरकव्यवस्थेशी निगडित असल्या तरी त्या एकच नव्हेत. पाळी नियमित असूनही इच्छा नसणे किंवा इच्छा असून प्रतिसाद नसणे शक्य असते. संशोधकांना संप्रेरकांची पातळी रक्तातून मोजता येते, पाळीची नोंद ठेवता येते. इच्छा मात्र केवळ विचारूनच जाणावी लागते. या क्षेत्रात प्रजननक्षमतेविषयीचा पुरावा विपुल आणि इच्छेविषयीचा विरळ का, याचे कारण येथेच सापडते.

मिनेसोटा येथील प्रयोग

इच्छेविषयीचा सर्वांत तपशीलवार पुरावा आजही एका जुन्या प्रयोगातच मिळतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपातील उपासमारग्रस्तांना पुन्हा कसे पोसावे, हा प्रश्न उभा राहणार होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मिनेसोटा विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग सुरू केला. हे तरुण सदसद्विवेकाच्या कारणास्तव शस्त्र धरण्यास नकार देणारे होते आणि त्यांनी स्वेच्छेने यात भाग घेतला होता. प्रारंभीचे तीन महिने त्यांना दररोज सुमारे ३,२०० उष्मांकांचा पुरेसा आहार देण्यात आला. त्यानंतर फेब्रुवारी ते जुलै १९४५ असे २४ आठवडे आहार जवळजवळ निम्म्यावर, म्हणजे १,६०० उष्मांकांच्या आसपास आणला गेला. ताटात मुख्यतः बटाटे, सलगम, पाव आणि मॅकरोनी. शिवाय दर आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालणे सक्तीचे होते. सहा महिन्यांत त्यांचे वजन सुमारे एक-चतुर्थांशाने घटले.

१,६०० हा आकडा वाचकांनी क्षणभर ध्यानात ठेवावा. आज शहरांतून हाती पडणाऱ्या अनेक आहारतक्त्यांत याहूनही कमी उष्मांक असतात आणि त्यांना कोणी उपासमार म्हणत नाही.

या तरुणांच्या मनाचे काय झाले, हे कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या द्विखंडात्मक ग्रंथात सविस्तर नोंदविले आहे. अन्नाचा विचार हळूहळू सर्व विचारांना गिळून बसला. ज्यांनी कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकले नव्हते असे तरुण पाककृतींची पुस्तके जमवू लागले, एकेक घास रेंगाळत चघळू लागले. चिडचिड, उदासीनता आणि एकलकोंडेपणा वाढला. कामेच्छेची ओहोटी इतकी स्पष्ट होती की तिच्याकडे दुर्लक्ष करणे अशक्य होते. लैंगिक कल्पनाचित्रे आणि स्वप्ने विरळ झाली, हस्तमैथुन बहुतेकांत थांबले किंवा नगण्य झाले, काहींचे प्रेमसंबंध आपोआप विझत गेले. कोणी त्यांना संयमाचा उपदेश केलेला नव्हता. ओढच उरली नव्हती, त्यामुळे संयमाची गरजही उरली नव्हती.

पुनर्पोषणाच्या काळातील निरीक्षण त्याहून महत्त्वाचे आहे. आहार वाढविल्याबरोबर शक्ती परत येऊ लागली, तथापि कामेच्छा सर्वांत मागे राहिली. तीन महिन्यांच्या पुनर्पोषणानंतरही या बाबतीत आपण पूर्ववत झालेलो नाही, असेच बहुतेकांचे मत होते. जवळपास सर्वांना ती पूर्ववत वाटू लागण्यास सुमारे आठ महिने लागले. वजनाचा काटा आणि मनाची ओढ हे एकाच वेगाने परत येत नाहीत, हा या प्रयोगाचा दुर्लक्षित राहिलेला धडा होय.

प्रयोगाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्यात स्त्रिया नव्हत्या, सर्व सहभागी आधीच सडपातळ होते आणि महिनोन् महिने एकाच वसतिगृहवजा इमारतीत देखरेखीखाली राहणे हेच कामेच्छेला फारसे पोषक नव्हे. तरीही आहार सुधारताच स्थिती पालटली. यावरून अन्नाचा वाटा निर्विवाद ठरतो.

प्रयोगशाळेबाहेरही याला दुजोरा मिळतो. भारतीय दुष्काळांच्या लोकसंख्याशास्त्राचा अभ्यास टिम डायसन यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात १८७६-७८ चा मुंबई इलाख्यातील आणि १८९६-९७ व १८९९-१९०० या वर्षांतील वऱ्हाडातील दुष्काळांचा समावेश आहे. मृत्यूंची लाट शिगेला पोहोचण्यापूर्वीच गर्भधारणा घटू लागतात, हे त्या नोंदींवरून दिसून आले. यामागे स्थलांतर, पती-पत्नींची ताटातूट आणि भविष्याची धास्ती हीही कारणे होती, म्हणून ती घट केवळ संप्रेरकांच्या खात्यावर टाकणे योग्य होणार नाही. परंतु टंचाईची चाहूल लागताच शरीर प्रजनन पुढे ढकलते, या निरीक्षणाशी ती सुसंगत आहे.

शरीर हा निर्णय कसा घेते?

मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातील काही चेतापेशी ठरावीक अंतराने, स्पंदांच्या रूपात, एक संप्रेरक सोडतात. त्या स्पंदांना प्रतिसाद म्हणून पीयूषिका ग्रंथी एल.एच. व एफ.एस.एच. ही संप्रेरके सोडते आणि त्यांच्या आज्ञेने वृषणांत टेस्टोस्टेरॉन व अंडाशयांत इस्ट्रोजेन तयार होते. या साखळीत स्पंदांची लय निर्णायक असते. लय मंदावली की पुढचे सर्व मंदावते, ग्रंथी स्वतः पूर्ण निरोगी असल्या तरीही.

ही लय ठरविणाऱ्या पेशींना शरीरातील ऊर्जेची खबर कोण देते, हे दीर्घकाळ गूढ होते. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन व सहकाऱ्यांनी लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लावला आणि चित्र बरेच स्पष्ट झाले. लेप्टिन मेदपेशींत तयार होते. साठा भरपूर असल्याचा निरोप ते मेंदूला देते. ज्यांच्या शरीरात जन्मतःच लेप्टिन तयार होत नाही, अशा अत्यल्प व्यक्तींत प्रचंड स्थूलता असूनही वयात येण्याची प्रक्रिया खोळंबते. देहावर चरबीचे थर आहेत, पण त्याची वर्दी मेंदूपर्यंत जात नाही.

उष्मांक एकाएकी घटविले की लेप्टिनची पातळी चरबी घटण्याच्या कितीतरी आधी आणि कितीतरी अधिक वेगाने उतरते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात निरोगी पुरुषांना तीन दिवस पूर्ण उपवास घडविला असता एल.एच.ची स्पंदलय मंदावली आणि टेस्टोस्टेरॉन घटले. त्याच उपवासात बाहेरून लेप्टिन दिले असता ही घसरण बव्हंशी टळली. पुढच्याच वर्षी, ऊर्जेच्या कमतरतेमुळे पाळी थांबलेल्या मोजक्या स्त्रियांना लेप्टिन दिल्यावर त्यांची स्पंदलय सुधारली आणि काहींत बीजविमोचनही झाले. यावरून हे लक्षात येते की मेंदू देहाचे वजन मोजत नाही. तो येणाऱ्या-जाणाऱ्या ऊर्जेचा ताळेबंद पाहतो आणि तुटीचे लक्षण दिसताच तातडीचा नसलेला खर्च थांबवितो. प्रजनन हा त्यातला मोठा खर्च.

लेप्टिन हे एकमेव दूत नव्हे. उपासमारीत कॉर्टिसॉल वाढते, थायरॉइडचे क्रियाशील संप्रेरक घटते. यकृत लैंगिक संप्रेरकांना बांधून ठेवणारे प्रथिन अधिक प्रमाणात तयार करते. हा शेवटचा मुद्दा व्यवहारात उपयुक्त आहे. रक्ततपासणीत एकूण टेस्टोस्टेरॉन ठीक दिसले तरी त्यातील मुक्त अंश घटलेला असू शकतो आणि केवळ पहिला आकडा पाहून रुग्णाची तक्रार काल्पनिक ठरविली जाऊ शकते.

ऊर्जा-उपलब्धतेचे गणित

ओहायो विद्यापीठातील ॲन लाउक्स यांनी या प्रश्नाला मोजमापाची शिस्त दिली. आहारातून मिळालेल्या उष्मांकांतून व्यायामात खर्च झालेले उष्मांक वजा करावेत आणि उरलेल्यांना मेदरहित शरीरभाराने भागावे. जे उत्तर येते ती ऊर्जा-उपलब्धता. हृदय, मेंदू, अस्थी, पाळी या सर्वांना यातूनच भागवावे लागते. निरोगी तरुणींमध्ये प्रतिकिलो ४५ उष्मांकांच्या आसपास ताळेबंद जुळतो. लाउक्स आणि थुमा यांनी २००३ मध्ये नियमित पाळी असलेल्या तरुणींवर केलेल्या प्रयोगात ही उपलब्धता प्रतिकिलो ३० च्या खाली नेली असता अवघ्या पाच दिवसांत एल.एच.ची लय बिघडली. ही सीमारेषा सर्व स्त्रियांत एवढी धारदार नसते, असे नंतरच्या अभ्यासांनी दाखविले आहे. तथापि मार्गदर्शक म्हणून ती उपयोगी पडते.

एक उदाहरण घेऊ. पन्नास किलो वजनाच्या एखाद्या विद्यार्थिनीच्या शरीरात ३० टक्के मेद आहे असे मानल्यास तिचा मेदरहित भार ३५ किलो भरतो. तिला समतोलासाठी सुमारे १,५७५ उष्मांक आणि त्याखेरीज व्यायामाचा खर्च एवढे हवेत. ती १,००० उष्मांकांचा तक्ता पाळते आणि संध्याकाळी व्यायामशाळेत २५० उष्मांक खर्च करते, असे समजू. उरले ७५०. भागाकार करता उपलब्धता प्रतिकिलो सुमारे २१ येते, म्हणजे उपरोक्त सीमारेषेच्या बरीच खाली. तक्त्यावर १,००० हा आकडा निरुपद्रवी वाटतो. व्यायाम वजा करून पाहिल्यावरच तो खरा किती आहे ते कळते. आहार एका तज्ज्ञाने आणि व्यायाम दुसऱ्याने ठरविला की ही वजाबाकी कोणाच्याच वहीत होत नाही.

भारतीयांच्या संदर्भात यात आणखी एक गुंता आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली होती. दोघांचाही शरीर-वस्तुमान निर्देशांक २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के मेद, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. समान निर्देशांकाला आपल्याकडे चरबी अधिक आणि स्नायू कमी, ही गोष्ट दोन्ही बाजूंनी कापते. सडपातळ दिसणाऱ्या व्यक्तीलाही पोटावरची चरबी घटविल्याने लाभ होऊ शकतो. पण आधीच तुटपुंजे असलेले स्नायू तीव्र उपासमारीत झिजले, तर तिचे नुकसानही लवकर होते. केवळ काट्यावरचा आकडा पाहून आहार ठरविणे आपल्यासाठी अधिकच अपुरे आहे.

उलट निष्कर्ष आणि त्याचे स्पष्टीकरण

आता दुसरी बाजू. अमेरिकेत २००७ ते २०१२ या काळात 'कॅलरी' या नावाने ओळखला गेलेला दोन वर्षांचा नियंत्रित प्रयोग झाला. त्यात स्थूल नसलेल्या, २२ ते २८ या निर्देशांकाच्या दोनशेहून अधिक स्त्री-पुरुषांचा समावेश होता. सुमारे दोन-तृतीयांश सहभागींना २५ टक्के उष्मांक घटविण्यास सांगण्यात आले, उर्वरितांना नेहमीप्रमाणे खाण्याची मुभा होती. कॉर्बी मार्टिन व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार आहार घटविलेल्या गटात मनःस्थिती सुधारली, ताण घटला आणि दोन वर्षांच्या अखेरीस कामेच्छा व जोडीदाराशी असलेले लैंगिक संबंध या बाबतींत तुलना-गटापेक्षा चांगले गुण आढळले.

मिनेसोटाच्या अगदी विरुद्ध असा हा निष्कर्ष वृत्तपत्रांनी उत्साहाने उचलला. परंतु तपशील पाहता विरोध उरत नाही. २५ टक्के हे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात साधलेली सरासरी कपात १२ टक्क्यांच्या आसपास होती, तर मिनेसोटात ती जवळजवळ पन्नास टक्के होती. येथे वजन दोन वर्षांत सुमारे दहा टक्के घटले, तेथे सहा महिन्यांत पंचवीस टक्के. येथील सहभागींपैकी अनेकांचा निर्देशांक २५ च्या वर होता, म्हणजे भारतीय निकषाने ते स्थूल ठरले असते. त्यांच्याजवळ घालविण्याजोगा साठा होता. शिवाय जीवनसत्त्वे व कॅल्शियम पूरक म्हणून दिले जात होते आणि आहारतज्ज्ञ नियमित भेटत होते. कोणीही ठरावीक अंतर सक्तीने चालत नव्हते. दोन्हींना एकच नाव देणे म्हणजे सरीला आणि महापुराला 'पाऊस' म्हणून सोडून देण्यासारखे आहे.

यापेक्षा अधिक तीव्र कपात अनेक वर्षे स्वेच्छेने करणाऱ्या पुरुषांचे काय होते, याचा अंदाज सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून येतो. दीर्घायुष्याच्या ध्येयाने वर्षानुवर्षे अल्पाहार घेणाऱ्या अत्यंत सडपातळ पुरुषांत टेस्टोस्टेरॉन कमी आणि त्याला बांधून ठेवणारे प्रथिन अधिक आढळले. तितकेच सडपातळ असूनही भरपूर खाणाऱ्या धावपटूंत असे दिसले नाही. म्हणजे कृशता हे पुरेसे कारण नव्हे. कमी इंधनावर चालणे हेच कारण.

स्थूल व्यक्तींच्या बाबतीत तर कपातीचा लाभ निःसंशय आहे. मेदपेशी टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतात, इन्शुलिन-प्रतिरोधामुळे रक्तवाहिन्यांचे कार्य बिघडते, घोरणे व अपुरी झोप यांनी थकवा येतो. इटलीतील एस्पोझितो व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लैंगिक प्रतिसाद मंदावलेल्या ११० स्थूल पुरुषांपैकी निम्म्यांना दोन वर्षे आहार-व्यायामाचे सविस्तर मार्गदर्शन मिळाले. त्या ५५ जणांपैकी १७ जणांचे कार्य सामान्य पातळीवर आले. तुलना-गटात ही संख्या केवळ ३ होती. अशा व्यक्तींना आहार घटविल्याने शक्ती जाईल, ही भीती घालणे अहितकारक आहे.

मन आणि घर

संप्रेरकांवर सर्व भार टाकणे मात्र चुकीचे होईल. सतत भुकेल्या माणसाचे लक्ष अन्नावर खिळते, झोप उथळ होते, संताप ओठांवर येतो. आपल्या कुटुंबव्यवस्थेत आहार हा एकट्याचा विषय नसतोच. एकाचे वेगळे ताट, वेगळी वेळ आणि दुसऱ्याने प्रेमाने केलेला पदार्थ नाकारणे यांतून दुरावा येतो. त्यात इच्छा मावळली की जोडीदार त्याचा अर्थ स्वतःच्या नाकर्तेपणाशी वा परक्या व्यक्तीशी लावतो. उष्मांकांच्या तुटीने सुरू झालेली गोष्ट चारित्र्याच्या संशयापर्यंत पोहोचते, आणि त्या वादात आहाराचा उल्लेखही होत नाही. उलट, वजन आटोक्यात आल्याने स्वतःच्या देहाविषयीची लाज कमी झाली तर संप्रेरके न बदलताही जवळीक वाढू शकते. 'कॅलरी' प्रयोगातील सुधारणेत या घटकाचा वाटा किती, हे प्रश्नावलीतून वेगळे काढता येत नाही.

लोहाची कमतरता हाही आपल्याकडील मोठा घटक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. मुळातच थकलेल्या देहावर कपात लादली की इच्छा मावळण्याचे कारण कोणते, हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही.

महाविद्यालयाच्या संदर्भात

हा विषय वैद्यकाच्या अभ्यासक्रमापुरता मर्यादित का मानू नये, याचे कारण आपल्या वर्गातच आहे. पोलीस भरतीची तयारी करणारे, कुस्तीसाठी वजनगट गाठणारे, शरीरसौष्ठव स्पर्धेला उतरणारे आणि लग्न ठरल्यावर दोन महिन्यांत दहा किलो घटवू पाहणारे विद्यार्थी आपल्या परिचयाचे असतात. शरीरसौष्ठवाच्या एका खेळाडूची वर्षभराची नोंद २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. औषधांचा आधार न घेणाऱ्या या तरुणाचे टेस्टोस्टेरॉन स्पर्धेच्या तयारीत सुमारे एक-चतुर्थांशावर आले आणि स्पर्धेनंतर काही महिन्यांनी पूर्ववत झाले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये खेळाडूंतील सापेक्ष ऊर्जा-तुटीची संकल्पना मांडताना पुरुषांचाही स्पष्ट समावेश केला. तोवर हा प्रश्न खेळाडू मुलींच्या पाळीपुरताच समजला जाई.

स्त्रीच्या बाबतीत शरीर निदान एक सूचना तरी देते. पाळी लांबते, हलकी होते किंवा थांबते. दुर्दैवाने अनेक मुली ती सोय समजतात आणि घरीही सांगत नाहीत. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रीत तर ही सूचनाही दिसत नाही, कारण गोळ्यांमुळे येणारा मासिक रक्तस्राव ऊर्जेच्या स्थितीविषयी काहीच सांगत नाही. पाळी तीन महिने चुकल्यास गरोदरपण, थायरॉइड आणि अंडाशयाचे विकार वगळून मगच ऊर्जेच्या तुटीचा निष्कर्ष काढावा लागतो. हे काम वैद्याचे आहे. पण किती खातेस आणि किती व्यायाम करतेस, हा प्रश्न शिक्षिका किंवा वसतिगृहाच्या अधीक्षिकाही विचारू शकतात.

पुरुषाला अशी मासिक खूण नाही. पहाटेचे उत्थान आठवडेच्या आठवडे न होणे आणि ओढ हळूहळू नाहीशी होणे, एवढीच काय ती चिन्हे. तरुण मुलगा ती कोणाजवळ बोलत नाही, फार तर जाहिरातीतील शक्तिवर्धक चूर्ण आणतो. चूर्णाने तूट भरून निघत नाही. नैराश्य, त्यावरील काही औषधे, मद्य आणि मधुमेह यांनीही नेमकी हीच लक्षणे उद्भवतात, म्हणून स्वतःच निदान करून आहार वाढविणे हाही मार्ग सर्वांसाठी योग्य नाही. मात्र तपासणीला जाताना गेल्या सहा महिन्यांत वजन किती उतरले, रोजचे खाणे काय आणि व्यायाम किती, या तीन गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. लैंगिक तक्रारींच्या तपासणीत आहाराची चौकशी क्वचितच होते आणि आहारसल्ल्याच्या छापील अर्जांत वजन, उंची, आजार, आवडीनिवडी यांचे रकाने असले तरी पाळीचा वा कामेच्छेचा रकाना सहसा नसतो. ज्या महाविद्यालयांत गृहअर्थशास्त्र वा आहारशास्त्र विभागामार्फत समुपदेशन केंद्र चालविले जाते, तेथे हा रकाना अर्जात छापून घेण्यास वेगळ्या निधीची गरज नाही.